मामा कुकर तपासतात

माझ्या मामांचा सगळा जन्म बाटलीत गेला. आमच्या घरात हे वाक्य कुणाला खटकत नाही, पण नव्या पाहुण्यांसमोर कुणी बोललं की मामी घाईघाईने खुलासा करतात, "काचेच्या कारखान्यात होते हो. बाटल्या तपासायला." मामांनी आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलेलं नाही. चहासुद्धा ते कप उजेडाकडे धरून, कडेचा टवका उडालेला नाही ना एवढं बघूनच घेतात.

कारखान्यात ते एका उंच स्टुलावर बसत. समोर पांढऱ्या काचेमागे दिवे लावलेले असत आणि त्या उजेडापुढून बाटल्या एकीमागून एक पट्ट्यावरून सरकत जात. कुणाच्या पोटात बुडबुडा, कुणाच्या काचेत खडा, कुणाच्या मानेला चीर, कुणी बुडाशी लंगडी. अशी एखादी दिसली की मामा तिची मान धरून तिला शेजारच्या घसरगुंडीत सोडून देत. खाली ती फुटल्याचा आवाज येई आणि तो चुरा पुन्हा भट्टीत जाई. "चांगली बाटली मी कधी बघितलीच नाही," असं मामा अभिमानाने सांगतात. "चांगली बघायचीच नसते. ती आपोआप पुढे जाते. आपण फक्त टाकायचं कारण शोधायचं."

बाटल्यांसाठी हे तत्त्व उत्तमच आहे. पण मामा निवृत्त झाले तेव्हा ते तत्त्व काही कारखान्यात जमा करून आले नाहीत. खरं म्हणजे नोकरीत असतानाही मामा ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे. आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधणारे जगात पुष्कळ आहेत. मामांना ती मिळाली तर ते तिचे खूर तपासतील. पंखा घ्यायला म्हणून ते बाहेर पडले की त्यांची निवड होईपर्यंत उन्हाळा आटोपलेला असायचा. कपडे धुण्याच्या यंत्राची तपासणी तर इतकी रंगली की मामा ज्याचा विचार करत होते ते यंत्र कंपनीने बनवणंच बंद केलं. मामा विजयी मुद्रेने घरी आले आणि म्हणाले, "बघ. घेतलं असतं तर आज सुटे भाग मिळाले नसते." मामींनी चादर पिळता पिळता मान डोलावली.

मी मामांची एकुलती एक भाची. दोन गल्ल्या सोडून राहते, एका विमा कचेरीत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला मामांकडे असते. मामांना दुकानात न्यायला सोबत लागते, आणि माझ्या तोंडून लवकर नकार निघत नाही, म्हणून त्यांच्या बहुतेक तपासण्यांना मी हजर असते. माझ्या लग्नाचं अजून का जमलं नाही असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते की मामा तपासताहेत.

न तपासता मामांनी सबंध आयुष्यात एकच गोष्ट पत्करली, ती म्हणजे मामी. पहिल्याच भेटीत, समोरचा चहा निवायच्या आत, ते हो म्हणून मोकळे झाले. घरातल्यांना वाटलं, मुलाची तब्येत बरी नाही. अजून हा विषय निघाला की मामी शांतपणे सांगतात, "त्या दिवशी यांचा चष्मा घरी राहिला होता." मामा यावर हसत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

मामांचे जसे डोळे, तसं मामींचं नाक. त्या नाकाला आमच्या ओळखीपाळखीत न्यायालयाचा दर्जा होता. दूध नासलंय की नासायला आलंय, तूप कालचं की महिन्याचं, हे ठरवायला शेजारपाजारच्या बायका भांडी घेऊन मामींच्या दारात उभ्या राहायच्या. मामी एकदा वाकून वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या, त्यावर अपील नव्हतं. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तेलात भेसळ केलेली त्यांनी पिशवीच्या बाहेरून ओळखली. त्यानंतर तो दुकानदार मामींना बघितलं की आत जाऊन दुसरी बरणी उघडायचा.

त्यांच्या भाताची रीतही या नाकावरच उभी होती. शिट्टीच्या कुकरमधला भात मामांना चालत नाही. "शिट्टी मारून बोलावलेला भात" असं ते त्याला म्हणतात. भात पातेल्यातच व्हायचा, मंद आचेवर, आणि झाकण उचलून बघायला बंदी. शितावरून भाताची परीक्षा हा आळशी लोकांचा शोध आहे, असं मामांचं मत, कारण एक शीत चांगलं निघालं म्हणून बाकीची सुटली असं कारखान्यात कधी होत नसे. मग भात झाला हे कळायचं कसं? तर मामी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून काहीतरी शिवत असायच्या, मध्येच सुई थांबवायच्या आणि म्हणायच्या, "अहो, झाला. बंद करा." मामा उठून गॅस बंद करायचे. भात कधी कच्चा नसायचा, कधी लागलेला नसायचा. नवखा पाहुणा हे बघून चाट पडायचा आणि मामा जणू काही त्यांनीच वास घेतला असावा अशा थाटात बसायचे.

मागे मामींना एक चिवट ताप आला. बरेच दिवस रेंगाळला आणि मग गेला. मामी उठल्या, कामाला लागल्या, सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त भात लागायला लागला.

पहिल्यांदा भात लागला तेव्हा मामांनी पातेलं उजेडाकडे धरलं आणि बुडाला पोचा असल्याचं जाहीर केलं. नवं पातेलं आलं. त्यातही भात करपला. मग संशय तांदळावर गेला. मामा तांदूळवाल्याकडे जाऊन त्याच्याशी वाद घालून आले, तांदूळ बदलला, भात त्याच इमानाने करपला. मग शेगडीची पाळी आली. मामांनी तिचा एकेक भाग सुटा केला, तारेने घासला, फुंकर मारली, पुन्हा जोडला आणि ती निर्दोष असल्याचा निकाल दिला. पाणी तपासलं, माप तपासलं, झाकण तपासलं. घरातली एकही वस्तू त्यांनी सोडली नाही. मामींच्या हाताकडे, किंवा नाकाकडे, त्यांनी चुकूनसुद्धा बोट दाखवलं नाही. तिथे काही असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि मला हे मामांच्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात गोड आंधळेपण वाटतं.

शेजारपाजारीही गडबड सुरू झाली होती. दूध घेऊन कुणी आलं की मामी पूर्वीसारख्याच वाकायच्या, आणि हल्ली दर वेळी एकच निकाल द्यायच्या, "नको, टाकून दे." त्या दिवसांत आमच्या भागात कितीतरी चांगलं दूध मोरीत गेलं असेल.

एका सुट्टीला जेवताना मामींनी विषय काढला. ताटात भाताचा वरचा पांढरा भाग होता, खालचा तपकिरी भाग पातेल्यात राहिला होता.

"अहो," मामी म्हणाल्या, "तो विजेवरचा भाताचा कुकर बघू या का? बाजारपेठेतल्या दुकानात आहे. तो मोठा, घट्ट झाकणाचा."

"विजेवरचे कुकर साधेही मिळतात," मामा म्हणाले. त्यांना सगळं माहीत असतं, घेत काही नाहीत एवढंच.

"साध्याचा भात उतू जातो म्हणे. तळाला धरतोही. या मोठ्याला काही बघावं लागत नाही. आपलं आपण ठरवतो, आपलं आपण बंद होतो आणि झाल्यावर वाजतो."

"किंमत?"

मामींनी किंमत सांगितली. मामांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "एवढ्यात शेगडी येते," ते म्हणाले. "आणि भात ठरवायला यंत्र कशाला? आपल्या घरात नाक आहे." असं म्हणून त्यांनी कौतुकाने मामींकडे पाहिलं. मामींनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिल्या.

जेवणानंतर मी भांडी विसळायला गेले तर मामी पातेल्याचं बूड खरवडत होत्या. बाहेर मामांचा डोळा लागला होता. मी सहज म्हटलं, "मामी, एवढा महागाचा कुकर कशाला? तुम्ही नुसता वास घेतलात तरी पुरतं."

मामींचा हात थांबला. "वास येत नाही ग," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"कशाचाच. तापातून उठले तेव्हापासून. साबणाचा नाही, दुधाचा नाही, जळलेल्या भाताचा नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार. यांना सांगू नकोस."

मी म्हटलं यात लपवण्यासारखं काय आहे. मला खरंच कळेना. मामींनी तारेची घासणी खाली ठेवली.

"तुझ्या मामांना तू ओळखतेस ना?" त्या म्हणाल्या. "एकदा दोष दिसला की त्यांना ती वस्तू दिसत नाही, दोषच दिसतो. त्या पंख्याचं पातं जरासं वाजतं, तर आठ वर्षं झाली, ते पंख्याखाली बसले की वारा घेत नाहीत, पातं ऐकतात. माझ्याकडे असं बघायला लागले तर मला नाही सोसायचं. तेव्हा चष्मा घरी राहिला होता. आता नाकावर असतो."

म्हणजे कुकर भातासाठी नव्हताच. मामींना नाकाची जागा भरणारं यंत्र हवं होतं, मामांना कळायच्या आत. मी वचन दिलं, आणि मामींसाठी मामांना तो कुकर घ्यायला लावायचा असं मनाशी ठरवलं. मामांना काही विकत घ्यायला लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मला माहीत होतं. तरीही.

मामा तयार झाले, पण बघायला. पुढचे काही आठवडे आमच्या वाऱ्या त्या दुकानात झाल्या. काउंटरवरच्या बाई पहिल्यांदा हसून बोलल्या, दुसऱ्यांदा नुसतं बोलल्या, तिसऱ्यांदा आम्हाला बघून गोदामात गेल्या. मामा घरून बॅटरी, फूटपट्टी आणि पिशवीत आपलाच तांदूळ घेऊन जात. दुकानातच भात करून दाखवा, असा त्यांचा हट्ट. मालकाने आधी कां-कूं केलं, मग कंटाळून परवानगी दिली. भात व्हायचा, मामा चार शितं बोटाने दाबून बघायचे आणि उरलेला भात दुकानातली माणसं आपल्या डब्यातल्या भाजीबरोबर खायची. एके दिवशी आम्ही गेलो नाही तर त्यांनी चौकशी केली म्हणे.

कुकरला पहिला दोष निघाला वायरीचा. आखूड आहे. मी म्हटलं ओट्याशेजारीच बटण आहे. दुसरा दोष झाकणाचा. काच नाही, आतलं दिसत नाही. मी म्हटलं मामा, तुमच्याकडे झाकण उघडायलाच बंदी आहे. मामांनी माझ्याकडे नाराजीने पाहिलं, पण तो मुद्दा सोडला. मला वाटलं, जमलं. बाईंनी पावतीपुस्तक जवळ ओढलंसुद्धा.

तेवढ्यात भात झाल्याचं वाजलं, झाकण उघडलं, आणि मामांनी पहिल्यांदाच वाकून वास घेतला.

"रबराचा वास येतो," ते म्हणाले.

"नवीन आहे, काका. झाकणाच्या आतलं कडं रबराचं आहे. महिन्याभरात जातो वास."

"महिनाभर आम्ही काय करायचं?"

"आम्हाला तर फारसा जाणवत नाही," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाक तयार नाही," मामा म्हणाले, अगदी मृदूपणे, कारण दोष सापडला की ते मृदू होतात. "आमच्या घरी एक नाक आहे. तिच्यापुढे हा भात ठेवला तर ती ताट बाजूला सरकवेल. सांगायची नाही, पण जेवायची नाही. मी तिला हा वास रोज द्यायचा? नाही जमणार, बाई. क्षमा करा."

मी तिथेच उभी होते. एका बाजूला वचन, दुसऱ्या बाजूला तो कुकर. आपल्याला वास येत नाही म्हणून मामींना कुकर हवा होता, आणि वास येईल म्हणून मामा तो नाकारत होते, तेही त्यांच्याच प्रेमापोटी. अशा वेळी देवाला हसू येत असेल, मला चीड आली. मी म्हटलं, "मामींना विचारा तरी." मामा म्हणाले, "ती माझ्या मनासाठी हो म्हणेल. तिला नाही विचारायचं." आणि आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

इमारतीचा जिना चढताना मामा मध्येच थांबले. मग मलाही वास आला. गॅस.

मामा त्या वयात ज्या वेगाने उरलेला जिना चढले, तो वेग मी त्यांना कुठल्याही दुकानाकडे जाताना पाहिलेला नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडक्या वाऱ्यामुळे लावून घेतलेल्या. शेगडीवर पातेलं, पेज उतू जाऊन खाली ओघळलेली, ज्योत विझलेली आणि बटण चालूच. हाताच्या अंतरावर मामी स्टुलावर बसून रेडिओ ऐकत शेंगा सोलत होत्या.

"आलात?" मामी म्हणाल्या. "काय म्हणतो कुकर?"

"कशाला हात लावू नका," मामा म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं, टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या. मामींचा हात धरून त्यांना गॅलरीत नेलं. मी मागोमाग गेले. वास एवढा होता की माझे डोळे चुरचुरत होते. मामी आमच्या दोघांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांना कळलं. त्यांच्या पदरात धरलेल्या शेंगा फरशीवर सांडल्या.

"वाऱ्याने विझली असेल," मामी म्हणाल्या. "आत्ताच. मी बघणारच होते."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. ती नजर मी लहानपणी एकदा कारखान्यात पाहिली होती. मला भीती वाटली, आणि ती गॅसची नव्हती. पातेलं, तांदूळ, शेगडी, पाणी, माप, सगळं बाजूला होऊन त्यांना काय दिसत होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मामींनी मान खाली घातली. त्यांना एवढं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मामांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "शेगडी खराब आहे. तरी मी म्हणत होतो."

त्यांनी असं कधीच म्हटलेलं नव्हतं. शेगडी त्यांनी स्वतः निर्दोष ठरवली होती. पण मामींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "हो ना. जुनी झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "कचेरीत उशिरा जाशील का? दुकानात जायचंय."

बाईंनी आम्हाला बघून निःश्वास टाकला आणि न सांगता तांदळाचं माप घेतलं. मामा म्हणाले, "तांदूळ नको. खोक्यातला द्या एक."

"उघडून दाखवते."

"नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तपासणार नाही?"

"नाही."

"पण रबराचा वास..."

"मला वास येत नाही," मामा म्हणाले. "माझं नाक गेलंय."

"आणि घरातलं ते नाक?"

"ती घेईल सांभाळून," मामा म्हणाले आणि पैसे मोजायला लागले. माझी खात्री आहे, त्या बाई अजून हा प्रसंग गिऱ्हाइकांना सांगत असतील.

जिन्यात खोकं मी धरलं होतं, मामा पुढे होते. पहिल्या मजल्यावर ते सवयीने म्हणाले, "कुणाचा तरी कांदा करपतोय." म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे वळले.

"तू काही ऐकलं नाहीस."

"नाही, मामा."

"तापानंतर ना?"

मी वचन दिलेलं होतं, म्हणून बोलले नाही. न बोलण्यानेही उत्तर होतं, हे मामांइतकं कुणाला कळणार. ते कठड्याला धरून उभे राहिले.

"आणि मी पातेली बदलत बसलो," ते म्हणाले. "ती एकटी हे घेऊन बसली, आणि मी बाजारात रबराचा वास घेत हिंडलो." मग त्यांनी नाक पुसलं, सदरा खाली ओढला आणि वर गेले.

मामींनी खोकं बघितलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. "घेतलात? तपासून?"

"न तपासता. बस जरा. एक सांगायचंय." मामा समोर बसले. मी दारातच थांबले. "माझं नाक गेलंय," मामा म्हणाले. "बरेच दिवस झाले. भात लागलेला मला कळत नाही. काल जिन्यात गॅसचा वास हिला आला, म्हणून मी धावलो. मला काही आला नव्हता."

मामा खोटं बोलतात तेव्हा त्यांचे कान लाल होतात. ते लाल झाले होते. मामींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बरेच दिवस?" मामी म्हणाल्या. "आणि हे आत्ता सांगताय?"

"लाज वाटली."

"लाज कसली त्यात?" मामींचा आवाज चढला. तापानंतर पहिल्यांदाच चढला असेल. "नाक आहे ते. म्हातारं होतं, दमतं. त्यात तुमचा काय गुन्हा? घरात दुसरं माणूस नाही का? सांगायला नको का वेळेवर? उद्या काही झालं असतं म्हणजे? एकट्याने मनात घेऊन बसायचं, आणि आम्ही आपले..." बोलता बोलता त्या थांबल्या. पुढचं वाक्य कुणाला लागू पडतं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मामा खाली मान घालून बोलणी खात होते. इतक्या आनंदाने बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

कुकर ओट्यावर गेला. वायर पुरली. तांदूळ धुतला, पाणी घातलं, झाकण लागलं, आणि ते दोघं त्याच्यासमोर दोन स्टुलांवर बसले. थोड्या वेळाने वाफ यायला लागली. बाई सांगत होत्या त्यापेक्षा तो वास फारच वाईट होता. सबंध स्वयंपाकघरात नवा रेनकोट उकळायला ठेवल्यासारखं वाटत होतं. मी दारापर्यंत मागे सरकले. मामा वाफेच्या अगदी समोर होते. त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"अहो," मामी हळूच म्हणाल्या, "वास सुटलाय का भाताचा?"

"मला काय कळणार," मामा म्हणाले.

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या. कुकर आपल्याशीच गुरगुरत होता.

"मलाही नाही येत," त्या म्हणाल्या. "तापातून उठल्यापासून नाही."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. खिशातला चष्मा त्यांनी अजून काढला नव्हता.

"बरं झालं," मामा म्हणाले. "मला वाटलं, मी एकटाच."

मामी रडायला लागल्या. मामांना अशा वेळी काय करायचं ते येत नाही, म्हणून ते त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसले. मग कुकर वाजला. मामा उठायला लागले, तशी मामींनी डोळे पुसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवलं आणि झाकण उघडायला स्वतः पुढे झाल्या.

"तुम्ही बसा," मामी म्हणाल्या. "तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं."